शून्यावर न येणारा काटा

सकाळी प्रयोगशाळेचं दार उघडलं की मी आधी पडदे सारते, मग नायट्रोजनच्या टाकीचा दाब पाहते आणि शेवटी पेटीकडे वळते. शेवटी, कारण तिच्याकडे बघायला थोडं धैर्य गोळा करावं लागतं. काचेची ती हवाबंद पेटी. आत प्राणवायूचा लवलेश नाही. समोरासमोरच्या दोन बाजूंना लांब रबरी हातमोज्यांची एकेक जोडी बसवलेली. आतला दाब जास्त असल्यामुळे ते चारही हात बाहेर फुगून ताठ उभे असतात... आतलं कुणीतरी बाहेर येऊ पाहत असल्यासारखे.

आत बरणीत चिखलातले जिवाणू होते. त्यांना श्वासासाठी हवा लागत नाही. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन त्यांची लोहयुक्त प्रथिनं एकमेकांच्या हाती सोपवत पेशीबाहेर आणतात आणि जवळच्या धातूला देऊन टाकतात. तोच त्यांचा निःश्वास. तुलनेसाठी ठेवलेल्या या बरणीत सोन्याच्या दोन पट्ट्या होत्या, मध्ये केसाएवढी फट. एका पट्टीतून दुसरीत वीज जाणं शक्यच नव्हतं. त्यांना तारांनी जोडलेल्या, पेटीबाहेरच्या मीटरचा काटा शून्यावर राहायला हवा होता.

तो राहत नसे.

म्हणून उपकरण विभागातून दुरुस्तीवाला आला. दारातच थबकला. मग पुढे होऊन त्याने एका फुगलेल्या हातमोज्याशी गंभीरपणे हस्तांदोलन केलं.

“यांची ओळख?”

“माझे सहकारी.”

“हात फार गार आहेत हो यांचे.”

तारांना हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा दंडक, जिवाणू बिथरतात. त्याने तो पाळला, मीटरमागची खुंटी फिरवून काटा शून्यावर आणला आणि गेला. काही दिवसांत काटा पुन्हा वर. मी पुन्हा बोलावलं. मग पुन्हा...

“खरं सांगा, तुम्हीच हलवता ना काटा?” एकदा त्याने विचारलं.

“मी कशाला हलवू? तुम्हीच काम अर्धवट ठेवता – पुन्हा यायला मिळावं म्हणून.”

त्याचे कान लाल झाले. “मीटर बिघडवायलाही अक्कल लागते, बाईसाहेब.”

“म्हणून तर शंका येते.”

घरी आत्या म्हणाली, “अगं, एक तर मीटर बदल, नाहीतर माणूस कायमचा ठेवून घे.”

एका सकाळी मात्र तो हातमोज्याशी हात न मिळवताच आत आला.

“साहेब म्हणतात, एक काटा तुला जागेवर आणता येत नाही. आज जमलं नाही तर दूरच्या शाखेत बदली.” तो खाली बघत होता. “आज तारा काढू द्याल?”

मी होकारार्थी मान हलवली. त्याने तारा सोडवल्या.

काटा शून्यावर थांबला नाही. तो शून्याच्या खाली गेला... हळूहळू, एखाद्याने श्वास सोडावा तसा. त्याने तारा जोडल्या. काटा वर आला.

“मीटर चांगला आहे,” तो हलकेच म्हणाला. “आतून खरंच काहीतरी येत होतं. आणि मी दर वेळी त्या प्रवाहालाच शून्य ठरवून जात होतो.”

मी काचेला कपाळ टेकलं. पट्ट्यांमधल्या फटीवर ओठाच्या आतल्या त्वचेसारखा गुलाबी, ओलसर पापुद्रा धरला होता.

“रक्त आहे?”

“रक्तात असतं तसंच लोह. त्यांनी फटीवर साय धरली – प्रथिनाला प्रथिन लागलं... आणि ते पलीकडे पोचले.”

“आणि आपण एकमेकांना दोष देत बसलो. चोर सोडून संन्याशाला फाशी.”

मी हसले, पण अंगावर काटा होता. डोळे नसलेल्या, हवेवाचून जगणाऱ्या त्या जीवांनी आमच्या देखत अंतर मिटवलं होतं, आणि आम्ही ते पुसत राहिलो होतो.

तो हत्यारं आवरू लागला. “म्हणजे आता बोलवायला कारण नाही उरलं.”

तेही खरंच होतं. मीटर बिघडलेलाच आहे म्हटलं, तर त्याची बदली. चांगला आहे म्हटलं, तर या खोलीत त्याचं काम संपलं.

मी फोन उचलून त्याच्या साहेबांना सांगितलं, “मीटरमध्ये दोष नाही, दुरुस्तीतही नाही. चूक आमच्या दंडकाची होती. तुमच्या माणसाने ती आज शोधून दिली.”

फोन ठेवला तेव्हा तो पेटीपलीकडे उभा होता. निरोप म्हणून त्याने दोन्ही हात हातमोज्यांत घातले होते. अलीकडच्या जोडीत मी माझे घातले. हवा नसलेल्या त्या जागेत, बरणीच्या वर, मी त्याची बोटं धरली. रबर गार होतं... मग नव्हतं.

“उद्या ये,” मी म्हणाले. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलं नाही.

“काटा बघायला?”

“नाही.”

त्याने हात सोडवून घेतला नाही. बाजूला मीटरचा काटा सावकाश वर चढत होता. खुंटीला आम्ही कुणीच हात लावला नाही.