न्यूट्रल आहे का रे?

मोबाईल ठेवा खाली. लाईट यायची तेव्हा येईल. मघापासून तुम्ही भूत म्हणजे गंमत म्हणून खिदळताय, म्हणून सांगतो. मी स्वतः काही पाहिलेलं नाही, हे आधीच कबूल करतो. पण ज्याच्यावर गुदरलं, त्याच्याबरोबर मी अर्धं आयुष्य चहा प्यालोय. त्या माणसाला थाप मारायची झाली तर आधी घाम फुटायचा. आपला मिस्त्री रे. ट्रॅक्टरचा डॉक्टर म्हणायचे त्याला. तुमच्यातल्या दोघांनी तरी लहानपणी त्याच्या शिव्या खाल्ल्या असतील.

तर मिस्त्री त्या घरी गेला तो साध्या कामाला. रस्त्याला लागून घर, मागे पत्र्याची शेड. शेडमध्ये एक जुना ट्रॅक्टर भिंतीकडे तोंड करून उभा. तीस वर्षांत जागचा हलला नव्हता. बटण दाबून सुरू होणारा नव्हे, पुढून हँडल मारायचा. चाकं बसलेली, सीटमध्ये उंदरांचा संसार, आणि इंजिन असं जाम की चार माणसं लोंबकळली तरी हँडल केसभर फिरायचं नाही. बोलावणं घरातल्या तरण्या पोराचं होतं. म्हणाला, "मिस्त्री, इंजिन बांधून द्या. बाबांचा आहे. मला तो एकदा माझ्या हाताने सुरू करायचाय."

या पोराचा बाप त्याच शेडमध्ये गेला होता. हँडल मारताना ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिलेला. इंजिन पेटलं, ट्रॅक्टर पुढे झेपावला, आणि समोर भिंत. मध्ये माणूस. त्याला काढायला लोकांनी ट्रॅक्टर चार हात मागे ओढला, तो तिथेच राहिला. पोरगं तेव्हा पाळण्यात होतं, आई त्या धसक्याने मागोमाग गेली. वाढवला तो काकाने, बापाच्या धाकट्या भावाने. त्याला स्वतःला तेव्हा जेमतेम मिसरूड फुटलेलं. पण त्याने पुढे लग्न केलं नाही, पोराला तळहातावरच्या फोडासारखा जपला. हे सगळं खरं आहे, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

पण गावाची जीभ कोण धरणार? कुणी हँडल मारायला वाकला की बाकीचे हसायचे. "आधी गिअर बघ बाबा, नाहीतर विसरभोळ्याच्या वाटेने जाशील." विसरभोळा म्हणजे या पोराचा बाप. शाळेत पट्टी विसरली तरी मास्तर म्हणायचे, बापावर गेलाय. मेलेल्या माणसाला तोंड नसतं, म्हणून ते नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. पोराला हे आतून खात होतं.

मिस्त्रीने काम सुरू केलं. आत डिझेल ओतून मुरू दिलं, हेड उतरवलं, खालून लाकडी ठोकळा लावून एकेक पिस्टन ठोकून काढला. आणि काढता काढता त्याचा हात थांबला. प्रत्येक बेअरिंगच्या टोपीवर पंचाने मारलेले ठिपके. पहिलीवर एक, दुसरीवर दोन, म्हणजे बांधताना अदलाबदल नको. नटांना तार ओवलेली, आणि तारेची टोकंसुद्धा आत वळवलेली, पुढच्याच्या हाताला टोचू नयेत म्हणून.

"हे इंजिन आधी कुणी बांधलेलं?" मिस्त्रीने विचारलं.

"बाबांनीच. दुसऱ्याला हात लावू देत नसत, म्हणतात."

"मग माझं ऐका, मालक. माझे केस याच कामात पांढरे झालेत. असा माणूस गिअर विसरत नाही."

पोराच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "पुन्हा बोला," म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या बापाबद्दल चांगलं बोललं होतं.

काका चहा घेऊन दारात उभा होता. "माणूसच तो," काका म्हणाला. "एखाद्या वेळी विसरतो." आणि चहा ठेवून गेला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, ते मिस्त्रीला नंतर आठवलं. त्या वेळी त्याने फक्त चहा प्यायला.

आता हँडलची एक रीत असते, ती तुम्हाला माहीत नाही. बटण दाबणारे सगळे सेल्फवाले तुम्ही. हँडलला माणसं दोन लागतात. एक पुढे वाकलेला, एक सीटवर. पुढच्याला गिअरचा दांडा दिसत नाही, म्हणून तो ओरडतो, "न्यूट्रल आहे का रे?" सीटवरच्याने दांडा हलवून बघायचा आणि ओरडायचं, "आहे!" हे उत्तर आल्याशिवाय हँडल फिरवायचं नाही. मिस्त्रीने ही रीत पोराला शिकवली.

पोराने विचारलं, "तेव्हाही असंच करायचे?"

"माझ्या वस्तादाच्या आधीपासून."

"मग त्या दिवशी सीटवर कोण होतं?"

मिस्त्री म्हणाला, "ते काकांना विचारा."

"विचारलंय. तो म्हणतो, तो घरात होता. बाबा एकटेच होते."

मिस्त्रीने पुन्हा पाना उचलला. दुसऱ्याच्या घरातलं आपण कशाला उकरायचं.

गिअरचा दांडा तिसऱ्यात गंजून बसला होता. ऑईल पाजून, टॉमीची सळई लावून मिस्त्रीने तो न्यूट्रलला आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो, तर दांडा तिसऱ्यात. पोराची खोडी म्हणावी, तर ते देवाची शपथ घेऊन बसलं. उंदीर म्हणावेत, तर उंदीर गिअर टाकत नाहीत. मिस्त्रीने पुन्हा न्यूट्रल केला. सकाळी पुन्हा तिसऱ्यात. मग त्याने जाड तार घेतली, दांडा सीटच्या लोखंडाला बांधला आणि पक्कडीने पीळ दिला. सकाळी तार जागच्या जागी. पीळही तोच. आणि दांडा तिसऱ्यात.

हसू नको रे. मी मिस्त्रीला हेच म्हणालो होतो, तार सैल असेल. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी चहाचा कप उचलला.

तोवर इंजिन बांधून झालं होतं. नवे लायनर, नव्या रिंगा, नवं ऑईल. डिझेल तेवढं टाकीत घालायचं बाकी होतं, ते सकाळी आणायचं ठरलं. मिस्त्री पोराला बाजूला घेऊन म्हणाला, "उद्या हँडल तुम्ही मारू नका. मला यात काही बरं दिसत नाही."

"मीच मारणार," पोरगं म्हणालं. "उद्या रविवार, सगळ्यांना बोलावलंय. विसरभोळ्याच्या पोराने गिअर बघून ट्रॅक्टर सुरू केला, हे त्यांच्या डोळ्यांना दिसू दे."

हट्टाला औषध नाही. पोरगं उद्या त्याच जागी, त्याच भिंतीला पाठ लावून वाकणार, आणि दांडा कुणाच्या हातात असेल याचा नेम नाही. त्याने ठरवलं, रात्रभर सीटवर बसायचं आणि दांड्यावरचा हात काढायचा नाही.

नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार. थंडी पडलेली. मिस्त्री घोंगडी घेऊन सीटवर बसला. तारेला नवा पीळ दिलेला, बल्ब चालू, टॉर्च मांडीवर. साडेबाराच्या सुमारास लाईट गेली. त्यात काही विशेष नाही, आपलीही आत्ता गेलीच आहे. मिस्त्रीने टॉर्च लावला नाही. सेल उरवावेत म्हणून.

मग पुढे आवाज झाला.

खट्.

हँडल खोबणीत बसलं की होतो तो. हा आवाज मिस्त्री झोपेतही ओळखेल. पोरगं आलं असेल म्हणून तो बोलणार, तोच पुढून कुणीतरी विचारलं.

"न्यूट्रल आहे का रे?"

शांत आवाज. पुरुषाचा. घाई नाही, राग नाही. रोजच्या कामातला.

आणि सवय बघा माणसाची... मिस्त्रीचं तोंड आपोआप उघडलं. "आ..." एवढं बाहेर पडलंसुद्धा. तेवढ्यात हाताला दांडा लागला.

तिसऱ्यात.

त्याने जीभ चावली. तार चाचपली. घट्ट. दांडा ओढला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला. हलेना. टॉर्च पुढे मारावा असं वाटलं. हात उचलवेना.

"न्यूट्रल आहे का रे?"

तोच आवाज. तीच शांतता. उत्तराची वाट बघणारा. पुढे अंधारात कुणीतरी वाकून उभं होतं, आणि त्याला उत्तर हवं होतं.

मिस्त्रीने जीभ दातांखालीच दाबून धरली.

शेडचं दार करकरलं, दारापुरतं चांदणं आत पडलं. काका. अनवाणी, अंगात नुसता पांढरा सदरा. तो पुढे बघत नव्हता. खाली बघत आला.

"उतरा, मिस्त्री," म्हणाला. "ती जागा माझी आहे."

मिस्त्री कसा उतरला, त्याचं त्याला ठाऊक. चाकाला टेकून खाली बसला. काका वर चढला. सीट करकरली.

"रोज ऐकतो मी हे," काका हळू आवाजात म्हणाला. "घरात, उशाशी. कानावर उशी दाबून धरतो."

काकाने दांड्यावर हात ठेवला.

"पहाटेची वेळ होती, मिस्त्री. मी सीटवर पेंगत होतो. त्याने विचारलं. मी दांड्याला हातसुद्धा लावला नाही... डोळे मिटूनच 'आहे' म्हणालो." काकाने बाहीने नाक पुसलं. "नंतर सगळ्यांना सांगितलं, मी घरात होतो. पोरगं मोठं झालं. मग सांगता येईना. त्याला माझ्याशिवाय कोण होतं? आणि मला तरी?"

"न्यूट्रल आहे का रे?"

तिसऱ्यांदा.



किती वेळ गेला... मिस्त्रीला सांगता यायचं नाही. पत्र्यावरून दव ठिबकत होतं, त्याचा तेवढा आवाज. काकाचा श्वास. आणखी एक श्वास... पुढून.

मग दांडा हलवल्याचा खडखडाट झाला. काकाने हलवून बघितला. जसा बघायला हवा तसा.

"नाही, दादा," काका म्हणाला. "नाहीये न्यूट्रल."

शांत.

शांत...

आणि पुढून, साध्या आवाजात, मोठा भाऊ धाकट्याला सांगतो तसं,

"मग काढ की."

दांडा सुटला. तार होती तशीच असताना सुटला. हँडल फिरलं. एकदा. पुन्हा एकदा. आणि इंजिन पेटलं.

टाकीत डिझेल नव्हतं, पोरांनो. थेंब नव्हता.

ट्रॅक्टर जागच्या जागी धडधडत राहिला. पुढे तसूभर सरकला नाही. मिस्त्रीच्या पाठीला चाक थरथरताना लागत होतं. मग हळूहळू आवाज बसत गेला, आणि थांबला.

"काका?" मिस्त्रीने हाक मारली.

"काका..."

पोरगं आवाज ऐकून धावत आलं, हातात बॅटरी. उजेडात बघितलं तर काका सीटवर बसलेला, हात दांड्यावर, हनुवटी छातीला टेकलेली. गाल ओले. श्वास नव्हता.

मिस्त्रीने तिथेच, चाकाला धरून, कानांनी ऐकलं ते सगळं पोराला सांगितलं. लपवून काय मिळणार होतं? त्याचा बाप विसरला नव्हता, बापाने विचारलं होतं. आणि ज्याने खोटं सांगितलं, तोच त्याला अंगाखांद्यावर वाढवणारा. कुणावर रागवावं आणि कुणासाठी रडावं, हे त्या पोराला कळेना. शेवटी ते काकाच्या पायांना मिठी मारून ढसाढसा रडलं. मिस्त्री म्हणायचा, मी भुताला भ्यालो त्याहून त्या रडण्याला जास्त भ्यालो.

मग दोघांनी मिळून काकाला खाली घेतलं. घोंगडीवर ठेवताना कूस वळली आणि पाठ उजेडात आली.

पांढऱ्या सदऱ्यावर, दोन खांद्यांच्या मध्ये, हाताचा पंजा उमटलेला. पाचही बोटं स्पष्ट. काळ्या ऑईलचा.

"मिस्त्री, तुमचा हात लागला?"

मिस्त्रीने हात पुढे केले. संध्याकाळीच साबणाने धुतलेले, कोरडे. आणि इंजिनमधलं ऑईल कालचं, मधासारखं पिवळं. काळं जळकं ऑईल त्या शेडमध्ये कुठेच नव्हतं. तो पंजा पाठीवर थाप दिल्याचा होता की पाठीमागून ढकलल्याचा, हे मिस्त्री मरेपर्यंत मला विचारत राहिला.

पोरगं गुडघ्यांवर बसलं आणि आपला हात अलगद त्या ठशावर ठेवला. बोटाला बोट बसलं. अंगठ्याला अंगठा. जरासुद्धा मोठा नाही, लहान नाही. बराच वेळ हात तसाच ठेवून ते बसून राहिलं.

मग त्याने हात उचलला आणि बॅटरीच्या उजेडात धरला. तळवा काळा झाला होता. ऑईल अजून गरम होतं.