पाळण्यातलं नाव

"आत्या आली! आत्या आली!"

बेल वाजायच्या आधीच आतून हाक आली आणि डॉ. शाल्मली कवठेकर दारातच हसली. भाऊबिजेसाठी ती पुण्याहून सांगलीला भावाकडे आली होती, तीही वर्षभरानं. आठ वर्षांची भाची निहिरा धावत येऊन गळ्यात पडणार, म्हणून तिनं हातातली पिशवी आधीच खाली ठेवली होती.

दार उघडलं अन्वितानं, तिच्या भावजयीनं. "या वन्सं! किती उशीर? तुमचे बंधुराज केव्हाचे आंघोळ करून पाटाची वाट बघतायत." घरं एवढी हुशार झाली, दिवे आपापले लागायला लागले, फ्रीज स्वतःच दूध मागवायला लागले, तरी सांगलीत नणंदेला वन्सं म्हणणं काही सुटलं नव्हतं.

निहिरा हॉलच्या कोपऱ्यात किल्ल्याच्या मावळ्याला रंग देत बसली होती. तिनं मान वर केली आणि आत्याकडे बघून डोळ्यांनीच हसली.

"आत्या, माझ्यासाठी काय आणलंस?"

आवाज निहिराचाच होता. लाडिक, थोडा घाईचा. पण निहिरानं ब्रशाची दांडी दातात घट्ट धरली होती, आणि ओठ मिटलेले होते.

शाल्मलीनं भिंतीकडे पाहिलं. तिथे बत्ताशाएवढी एक पांढरी गोल चकती होती. ती चकती तिनंच या घरात आणली होती, निहिराच्या बारशाला. इतर आत्या चांदीचे वाळे आणतात. या आत्याबाईंनी स्वतःच्या प्रयोगशाळेतला कानोसा आणला, आणि घरादारानं केवढं कौतुक केलं होतं!

कानोसा म्हणजे घराचा कान. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात बोलके स्पीकर असायचे, त्यांना आधी नावानं हाक मारावी लागे. कानोशाला हाक लागत नाही. तो कायम ऐकतो. मग लोक घाबरले, आणि घाबरायलाच हवं होतं. लहान मुलांचं रडणं, खोटं बोलणं, अंथरुणात पुटपुटणं हे सगळं कुठल्या तरी कंपनीच्या गोदामात जाऊन पडणार म्हणजे काय! तेव्हा कायदा झाला. मुलाच्या आवाजाची नोंद साठवायची नाही, रोजच्या रोज पुसून टाकायची.

कंपनीनं कायदा पाळला. अगदी अक्षरशः पाळला. आवाज रोज पुसला जाई. मात्र पुसण्याआधी त्यातून एक गोष्ट शिकून घेतली जाई: हे मूल कशाला काय म्हणतं, कधी हट्ट करतं, कुठल्या शब्दावर अडखळतं, कुणासमोर लाजतं. बाळाच्या पहिल्या हुंकारापासून असं शिकत गेलं की त्या मुलाची एक बोलछाया तयार होते. बोलछाया म्हणजे नोंद नव्हे, अंदाज. मूल आता काय बोलेल याचा अंदाज, त्याच्याच आवाजात.

आणि ही बोलछाया शाल्मलीनं शोधून काढली होती.

औक्षण झालं, पानं वाढली. अन्वितानं श्रीखंडाचं पातेलं उचललं. "निहू, वाढू का गं अजून?"

"थोडंसंच. आणि पुरी नको."

निहिराच्या तोंडात घास होता. ती शांतपणे चावत होती. अन्वितानं थोडंसंच श्रीखंड वाढलं, पुरी वाढली नाही, आणि नवऱ्याशी, अद्वैतशी, पुढचं बोलायला लागली. कुणालाच काही वेगळं वाटलं नाही. शाल्मलीनं मात्र हातातला घास ताटात परत ठेवला.

जेवणं झाल्यावर अद्वैत आडवा झाला आणि नणंद-भावजय ओट्यापाशी आवरत उभ्या राहिल्या.

"अन्विता, निहिरा शेवटची कधी बोलली गं?"

"म्हणजे? दिवसभर टकळी चालू असते तिची! आत्तासुद्धा ऐकलंत ना?"

"ती नाही बोलली. भिंत बोलली."

अन्विता हसली. "काय बाई वन्सं, घाबरवता की काय! ती सोय आहे हो. आम्ही ऑफिसमधून विचारतो, जेवलीस का, अभ्यास झाला का. ही खेळात असते, उत्तर देत नाही. मग कानोसा तिच्या वतीनं सांगतो. तीच म्हणाली असती तेच सांगतो. तुम्हीच नाही का म्हणाला होतात, शंभरात एखादाच शब्द चुकतो म्हणून?"

"म्हणाले होते." शाल्मलीचा आवाज खाली आला. "पण ती स्वतः कधी बोलली? तिचे ओठ हलताना तू कधी पाहिलेस?"

अन्विता आठवायला लागली. दिवाळीच्या सुट्टीत? नाही. गणपतीत आरती म्हणाली होती... आरतीचा आवाज आठवत होता, चेहरा आठवत नव्हता. हातातली वाटी तशीच ठेवून ती हॉलमध्ये गेली, निहिरासमोर गुडघ्यावर बसली आणि लेकीचा चेहरा तिनं दोन्ही हातांत धरला.

"निहू, बोल बाळा. आईशी काहीतरी बोल."

"काय बोलू आई? आज तू अशी का करतेस?"

गोड आवाज होता. किंचित कावलेला, अगदी निहिरासारखा. अन्विताच्या तळव्यांत निहिराचे गाल होते, अंगठ्यांखाली ओठ होते, आणि ते जराही हलले नव्हते. अन्वितानं चटका बसावा तसे हात मागे घेतले.

"पण आवाज तर साठवायचाच नाही ना!" ती रडत ओरडली. "कायदा आहे ना वन्सं? मग हे कुठून आलं?"

"आवाज साठवलेलाच नाही गं." शाल्मली तिच्याशेजारी बसली. "दुधाला विरजण लावलं की दूध उरत नाही, दही उरतं. घरात दूध ठेवू नका, एवढंच कायदा सांगतो. आम्ही दह्याचं काही बोललोच नाही. आणि कुणी विचारलंही नाही."

शाळेतसुद्धा कुणी विचारलं नव्हतं. तिथल्या कानोशाकडे हीच बोलछाया होती. वर्गात निहिरा चुणचुणीत उत्तरं देते, असा शेरा होता.

गच्चीवर कानोसा नव्हता. शाल्मली निहिराला तिथे घेऊन गेली. खाली कुणीतरी लवंगी फटाके उडवत होतं. दोघी पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसल्या. मग निहिरानं आजूबाजूच्या भिंती नीट पाहून घेतल्या, जवळ सरकली आणि आत्याच्या कानाला तोंड लावलं.

"मी बोलायच्या आधी ती बोलते."

हा आवाज घोगरा होता, फाटका, न वापरलेला. भिंतीतल्या आवाजापेक्षा कितीतरी वेगळा. खरी निहिरा ही अशी बोलत होती आणि ते तिच्या आईबापांनाही माहीत नव्हतं.

"आणि बरोबर बोलते," निहिरा कानात म्हणाली. "मला राग आला तर मला कळायच्या आधी तिला कळतं. मग मी ठरवलं, बोलायचंच नाही. तरी ती बोलतेच. आत्या, माझं असं काहीच नाहीये का, जे तिला माहीत नाही?"

या प्रश्नाला कुठल्याही शोधनिबंधात उत्तर नव्हतं. शाल्मलीला लाज वाटत होती, आणि भाचीबद्दल माया दाटून आली होती. मग तिला एकदम बारसं आठवलं.

"आहे," ती म्हणाली. "एक आहे!"

कवठेकरांकडे बाळाची दोन नावं ठेवायची पद्धत होती. एक व्यवहाराचं, ते सगळ्यांना सांगून पेढे वाटायचे. दुसरं पाळण्यातलं. ते आत्यानं बाळाच्या कानात सांगायचं आणि पुन्हा कधी उच्चारायचं नाही. आईबापांनाही ते सांगत नाहीत. आणि त्या दिवशी कानोसा अजून खोक्यात बंद होता. तो जेवणानंतर उघडला होता.

"मी तुझ्या कानाशी वाकले, कुर्रर्र केलं, आणि सगळ्या बायकांनी माझ्या पाठीत हे धपाटे घातले! तशी पद्धतच असते. तुझ्या आईनं तर चांगला जोरात घातलान. सूड उगवला म्हण ना."

निहिरा हसली. आवाज न करता, खांदे हलवत. मग ती उठली, आत्याच्या मागे गेली आणि तिनं आत्याच्या पाठीवर तळहातानं हळूच थापा दिल्या. थप, थप, थप. शाल्मली वळली, वाकली आणि तिच्या कानात तिनं ते नाव पुन्हा एकदा सांगितलं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. ही कथा कुठल्या खोलीत, कुणाच्या भिंतीसमोर मोठ्यानं वाचली जाईल, कुणी सांगावं!

"मोठ्यानं कधी म्हणू नकोस," आत्या म्हणाली. "ते फक्त तुझं. आणि कानोसा मी आजच काढून नेते."

निहिरानं नकारार्थी मान हलवली. पुन्हा कानाशी आली. "तू गेल्यावर ते परत लावतील."

"छे! नाही लावणार."

"लावतील."

"बरं. समजा लावलाच, आणि फोनवर मी तिच्याशी बोलत असले, तर तू जवळ जाऊन अशाच थापा दे. आत्ता पाठीवर दिल्यास तशा. मला कळेल की माझी निहिरा ती नाही, तू आहेस. मग मी लगेच येईन."

त्या संध्याकाळी शाल्मलीनं सगळ्या खोल्यांमधल्या चकत्या उपटून पिशवीत भरल्या. अद्वैतनं ताईला शब्द दिला, अन्वितानं देवाची शपथ घेतली.

पुण्याला गेल्यावर शाल्मलीनं आपल्याच कंपनीत अर्ज केला, की निहिरा कवठेकर हिची बोलछाया कायमची नष्ट करा. कायदेविभागातल्या बाई सौजन्यानं हसल्या. बोलछाया हा आवाज नव्हता, म्हणून तो कायदा लागू नव्हता. ती पुसायची तर पालकांची मागणी हवी. "आणि मुलीची स्वतःची मागणी असेल तर?" शाल्मलीनं विचारलं. बाईंनी पुष्कळ शोधलं. तशी सोयच कुठे नव्हती. शाल्मलीनं पालकांचं संमतीपत्र अन्विताला पाठवलं. अन्विता म्हणाली, "करते हो सही, जरा सवड होऊ द्या."

मग तिचे फोन यायला लागले. "वन्सं, घर खायला उठतंय हो. विचारलं की नुसती बघते. भाजी कशी झालीय विचारलं तरी बघते. माझ्याच पोटची पोर, आणि मला तिची भीती वाटायला लागलीय."

"वाट बघ. तिला सवय नाही राहिली बोलायची. बोलेल ती. तिच्यासमोर नुसती बसून राहा."

"ती आधी किती गोड बोलायची!"

"ती नव्हती गं ती."

अन्वितानं फोन ठेवला.

त्यानंतर बरेच दिवस फोन आला नाही. शाल्मलीनं केला तर कधी पाहुणे होते, कधी कुकर झालेला होता. आणि संक्रांतीच्या दिवशी अन्विताचाच फोन आला, आवाजात आनंद मावत नव्हता. "तिळगूळ घ्या वन्सं! आणि एक गोड बातमी. बोलायला लागली आपली निहू! थांबा, देते हं."

"आत्या, तिळगूळ घे, गोड बोल!"

आवाज किंचित घोगरा होता. अगदी गच्चीवरच्यासारखा. शाल्मलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "अगं माझी सोनी! कशी आहेस तू?"

"मस्त! आईनं हलव्याचे दागिने केलेत मला. तू कधी येणार?"

"येते की. लवकर येते." शाल्मलीनं डोळे पुसले. मग सहज, गमतीनं, तिनं विचारलं, "आपलं नाव आठवतं ना? पाळण्यातलं?"

"हो तर! पण नाही सांगणार. गुपित आहे ना ते आपलं!"

शाल्मली मोठ्यानं हसली. किती दिवसांनी ती अशी हसत होती. आणि त्या हसण्यातच तिला फोनमधून, त्या गोड घोगऱ्या आवाजाच्या मागून, दुसरं काहीतरी ऐकू आलं. मऊ, तळहाताचा आवाज. थप, थप, थप.

शाल्मलीचं हसू गेलं. मधल्या काळात निहिरा घरात चार शब्द बोलली असणार, त्यांतून घोगरेपणाही शिकून घेतला होता तर. कुणीतरी त्या घरात पुन्हा ऐकत होतं, आणि त्या घरात कुणीतरी फोनजवळ उभं राहून, ओठ मिटून, टेबलावर थापा देत होतं. थप, थप, थप. आता जरा घाईनं.

"निहिरा," तिनं सावकाश विचारलं, "हा कसला आवाज येतोय गं?"

क्षणभरही न थांबता उत्तर आलं.

"काही नाही आत्या. मीच वाजवतेय टेबल. गंमत!"

मागे थापा थांबल्या. मुलीनंही ते ऐकलं होतं.