टँकर आलाच नव्हता

ही गोष्ट २०१५ सालच्या डिसेंबरातली. दुष्काळाचं साल. आमच्या शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणायचे.

यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. रचता आलं असतं, तर शेवट वेगळा केला असता.

आम्ही गारखेड्यात दुसऱ्या मजल्यावर राहायचो. मी, माझे यजमान मधुसूदन आणि त्यांच्या थोरल्या विधवा बहीण आवडाबाई. आम्ही त्यांना आक्का म्हणायचो. लग्न होऊन आले तेव्हा चूल पेटवायला मला त्यांनीच शिकवलं. धूर झाला की आधी खिडकी उघडायच्या.

त्या वर्षी नळाला बऱ्याच दिवसांनी पाणी यायचं. न्हाणीघरात पिंपं, घागरी, बादल्या, पाय ठेवायला जागा नाही. साठवलेल्या पाण्यात धूळ पडू नये म्हणून तिथल्या खिडकीच्या फटींना आम्ही तिघांनी मिळून प्लास्टिक चिकटवलं. कुठं एक फट ठेवली नाही.

आणि त्याच न्हाणीघरात गॅसचा गिझर होता.

पुण्यात नोकरीला असलेला आमचा मुलगा मिहिर कामासाठी परदेशी गेला होता, तिथून एक पांढरं यंत्र घेऊन आला. भिंतीला लावत म्हणाला, "बाबा, गॅस नीट जळला नाही की विषारी वायू होतो. त्याला वास नसतो, तो दिसतही नाही. हे यंत्र ओरडलं की आधी दारं-खिडक्या उघडायच्या."

यंत्र ओरडलं खरं... पण संध्याकाळच्या धुपाला! हे रोज गोवरीच्या निखाऱ्यावर गुग्गुळ घालायचे.

"माझ्या देवावर भुंकतंय हे," हे चिडले.

"देव काही बोलत नाही, मधू. तूच भुंकतोस," आक्का म्हणाल्या. मला हसू आवरेना.

मिहिर पुण्याला गेल्यावर यांनी यंत्र काढलं, टॉवेलात गुंडाळलं आणि कपाटात ठेवून दिलं.

मग ती सकाळ आली. थंडी होती. पहाटेच नळ आला होता, टाकी भरली होती.

"कालिंदी, आज मी डोक्यावरून न्हाणार. मध्येच हाका मारू नकोस गं," म्हणत आक्का आत गेल्या. कडी लागली.

मी चहा ठेवला.

तेवढ्यात...

पीं... पीं... पीं...

टँकर मागे घेताना वाजतो ना, अगदी तसं.

"नळही आणि टँकरही! चल लवकर, रांग लागेल!" हे बादल्या घेऊन जिन्याकडे पळाले. मीही मागोमाग.

खाली रस्ता मोकळा.

टँकर नाही. रांग नाही. वॉचमन सांडू ऊन खात बसला होता.

"टँकर? कुठं काका? मी इथंच हाय. कायबी वाजलं नाय."

पण आम्हाला ऐकू येत होतं.

पीं... पीं... पीं...

वरून.

आमच्या घरातून.

रिकाम्या बादल्या घेऊन आम्ही वर आलो. आवाज कपाटातून येत होता. यांनी कपाट उघडलं, टॉवेल बाजूला केला...

आवाज थांबला.

घर एकदम गप्प झालं. न्हाणीघरात पाणी पडत होतं. तांब्याचा आवाज मात्र नव्हता.

"आक्का?"

यांनी दार बडवलं, मी जिन्यातून सांडूला हाक मारली.

सांडूनं खांदा मारून दार उघडलं...

आक्का पिंपाला टेकून बसल्या होत्या. झोप लागल्यासारख्या. गिझर जळत होता.

डॉक्टर म्हणाले, विषारी वायू. यांनी विचारलं, "थोडं आधी दार उघडलं असतं तर?" डॉक्टरांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला. 

संध्याकाळी मिहिर आला. सगळं ऐकून, यंत्र हातात घेऊन रडतच म्हणाला, "वाजलं होतं ना बाबा? मग दार का नाही उघडलंत?"

यांचा चेहरा पांढरा पडला.

"ते वाजेल कसं... सेल तर मी तेव्हाच काढले होते. त्या घड्याळात घातलेत."

मिहिरनं मागचं झाकण उघडलं. जागा रिकामी होती. भिंतीवर घड्याळ टिकटिकत होतं.

हे त्यानंतर नऊ वर्षं जगले. धूप पुन्हा कधी घातला नाही. रस्त्यावर टँकर वाजला की बादली घ्यायचे नाहीत, न्हाणीघराकडे धावायचे.

सांडू त्याच्या गावी, पिशोरला परत गेला. आजही फोनवर शपथ घेतो, "काकू, मला कायबी ऐकू आलं नव्हतं."

मिहिर कुणाच्याही घरी गेला की आधी न्हाणीघराची खिडकी पाहतो. ते यंत्र तो तेव्हाच पुण्याला परत जाताना घेऊन गेला. कपाटात फक्त टॉवेल आहे.

घड्याळ बंद पडलं. मी त्यात सेल घातले नाहीत.

आता गिझर विजेचा आहे, खिडकीला नुसती जाळी आहे. तरी पाणी येतं त्या सकाळी कधी कधी कपाटातून...

पीं... पीं... पीं...

मी खाली बघायला जात नाही. सरळ जाऊन न्हाणीघराचं दार उघडते. आत कुणी नसतं.

मग आवाज थांबतो.

आणि तो थांबला की मला जास्त भीती वाटते. त्या दिवशीही तो असाच थांबला होता.