समुद्राचा कापूस

दवाखान्याच्या ड्रेसिंगच्या खोलीत उषा पट्ट्या गुंडाळत बसली होती, तेवढ्यात दारात एक अनोळखी तरुण येऊन उभा राहिला. हातात पत्र्याचा डबा, अन् केसांत, भुवयांवर, कोटावर... सगळीकडे कापूस! जालन्यात जिनिंगचे, म्हणजे कापसातून सरकी काढायचे दिवस होते. स्टेशनवरून चालत येणाऱ्याची हीच गत व्हायची.

उषाला हसू आवरेना.

"हसताय का?" त्यानं विचारलं.

"हसून न्हाई राह्यले... पण डॉक्टरसाहेबांकडं जायच्या आधी डोकं झटका जरा."

त्यानं झटकलं. कापूस उडून तिच्या पदरावर बसला, अन् दोघंही हसले. उषाला आपलंच हसणं नवखं वाटलं. लहानपणीच नवरा गेला, जाफराबादचं सासर तुटलं, नर्सिंग शिकून ती इथं आली. तेव्हापासून क्वार्टरच्या खोलीत ती, एक स्टो अन् एक ताट. रोगीही तिला पाहून तोंड फिरवायचे. जखमेला चिकटलेल्या पट्ट्या ओढून काढणारी तीच ना!

तरुणाचं नाव विश्राम तोरसकर. मूळचा मालवणचा, मुंबईच्या एका प्रयोगशाळेत काम करायचा. त्यानं डबा उघडला. आत पिवळसर, मऊ तंतू होते.

"हा वास कशाचा?"

"समुद्राचा," तो म्हणाला. "तिथलं शेवाळ उकळून हे धागे काढलेत. जखमेवर ठेवले की रक्त शोषून मऊ लगदा होतो, रक्त थांबतं. अन् काढताना ओढावं लागत नाही. मिठाच्या पाण्यानं अलगद सुटतं."

"बिलकुल दुखत न्हाई?" उषाचा आवाज एकदम हळू झाला.

ते रोग्यांवर वापरून पाहा म्हटल्यावर मोठ्या डॉक्टरांनी 'बघू' म्हणून त्याला ताटकळत ठेवलं. तो रोज येऊन व्हरांड्यात बसे. ती चहा देई. ओहोटीला खडकांवरून शेवाळ कसं खुडतात, ते तो सांगे. तिनं समुद्र पाहिलाच नव्हता. तो गप्प झाला की तिला वाटे — अजून बोलावं यानं...

एका सकाळी जिनिंगमधल्या पुंजारामचा हात यंत्रात सापडला. पट्टीमागून पट्टी भिजत राहिली. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "तो डबा आणा." उषानं तंतू दाबून धरले. लाल डाग पसरायचा थांबला.

तिसऱ्या दिवशी तिनं जखमेवर मिठाचं पाणी सोडून पट्टी उचलली. पुंजारामनं डोळे गच्च मिटले होते.

"काढा ना बाई, जल्दी!"

"काढली की."

त्यानं डोळे उघडले, हाताकडं पाहिलं, मग तिच्याकडं पाहून हसला. उषा दाराआड जाऊन रडली. विश्रामनं ते पाहिलं.

पण एका रोग्यावरून औषध ठरत नाही, असं डॉक्टर म्हणाले, अन् ते खरंच होतं. डबा रिकामा झाला होता. आणखी बनवायचं, तपासायचं, तर वर्षं लागणार होती.

ती त्याला पोचवायला स्टेशनवर गेली. गाडीनं शिटी दिली.

"तयार झालं की घेऊन येईन," तो म्हणाला. "पण उषाबाई... कदाचित जमणारही नाही."

तिनं खिडकीचा गज धरला.

"मंग रिकाम्या हातानं या," ती म्हणाली. "पण या."

गाडी हलली.

"येतो," तो म्हणाला. निघताना सगळेच तसं म्हणतात. पण त्यानं ते खाली वाकून, तिच्या बोटांवर हात ठेवून म्हटलं.