दातांच्या दवाखान्यातली जाळी

आमची ओळख टेबलाखाली झाली.

जुन्या फर्निचरच्या दुकानात मी गुडघ्यांवर बसून शिंपल्याची नक्षी केलेल्या एका अष्टकोनी टेबलाच्या पोटात डोकावत होते. पलीकडच्या दोन पायांमधून आणखी एक चेहरा आत आला. भुवयांवर भुसा, कानामागे पेन्सिल.

"शिंपला नाही तो," चेहरा म्हणाला. "प्लास्टिक आहे. नखाने खरवडून बघा."

"मी तुम्हाला विचारलं का?"

"नाही... पण तुम्ही घ्यायलाच निघालात, म्हणून."

मी खरवडलं. चंदेरी पापुद्रा सुटून नखात बसला.

"हळू बोला," मी म्हटलं, "दुकानदार ऐकतील."

"ऐकतात की. रोज ऐकतात. त्यांची दुरुस्तीची कामं मीच करतो."

टेबल मी घेतलं नाही. त्या माणसाचा पत्ता मात्र घेतला.

तेव्हा मी इंटिरियर डिझायनर म्हणून नुकतंच स्वतःचं काम सुरू केलं होतं आणि एक दवाखाना सजवणं हे माझं पहिलंच काम होतं. डॉक्टरबाई दातांच्या. त्यांना दवाखान्याची बाहेरची खोली मूरिश, म्हणजे मोरोक्कोकडच्या जुन्या वाड्यांच्या शैलीत हवी होती. घोड्याच्या नालेसारखी कमान, कमरेपर्यंत निळ्या-हिरव्या फरशा, आणि कमानीत आठ टोकांच्या चांदण्यांची लाकडी जाळी. कुठल्याशा प्रवासात त्या अशा एका जुन्या घरात तासभर बसल्या होत्या. त्या तासात त्यांना दुखणारी दाढ एकदाही आठवली नाही.

"दाढ माझी स्वतःची बरं का," त्या म्हणाल्या. "औषध आधी मी घेऊन पाहिलंय. आता पेशंटना द्यायचंय."

टेबलाखालचा माणूस अशा जाळ्या करायचा. खिळा नाही, सरस नाही... खाचेत खाच. मी त्याला मनातल्या मनात जाळीवाला म्हणू लागले. पुढे ते तोंडावरही आलं.

काम बघायला आठवड्यातून एकदा गेलं असतं तरी चाललं असतं. मी तीनदा जायचे. त्या वेळी मी हे देखरेखीत धरत होते. त्याच्या कारखान्यात अक्रोडाच्या भुशाचा कडवट वास असायचा आणि मी आले की तो स्टूल पुसायचा. बसायला तेवढं एकच होतं. तो उभाच.

"मधली चांदणी काढा," एकदा तो म्हणाला.

मी काढली.

"आता लावा परत."

ती बसेना. मी दाबून पाहिली.

"जोर नका लावू. तिला तिची जागा माहीत आहे."

"आणि तुम्हाला?"

"मला...?" त्याने कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा तिथेच खोचली. "आमचा शोध चालू आहे."

चांदणी बसली. खट्ट असा बारीकसा आवाज झाला. आम्ही दोघांनीही नको तितका वेळ चांदणीकडेच पाहिलं.

दवाखाना नव्या रूपात उघडायला नऊ दिवस उरले असताना जाळी बसवायला आणली. चार माणसांनी ती उचलली, कमानीला टेकवली... आणि ती आत जाईना. चार सेंटिमीटर जास्त.

मला कारण लगेच कळलं. मी माप घेतलं ते कमानीला गिलावा व्हायच्या आधी. गिलाव्याची आणि फरशांची जाडी धरायची राहिली होती. शाळकरी चूक. आणि अशी जाळी कडेने कापून चालत नाही, चांदण्यांची टोकं जातात.

डॉक्टरबाई आतून आल्या. एका हातात हातमोजा घातलेला, दुसरा हात उघडा.

"काय झालं?"

"माझं माप चुकलं," जाळीवाला म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत नव्हता. मी गप्प बसले. किती वेळ? डॉक्टरबाईंनी दुसरा मोजा काढेपर्यंत.

"मग हे काम मला दुसऱ्याकडे द्यावं लागेल," त्या शांतपणे म्हणाल्या. "ज्याला मोजताच येत नाही त्याच्याकडे..."

"डॉक्टर, माप माझं आहे." मी पिशवीतून नकाशा काढून त्यांच्यासमोर धरला. "ही तारीख बघा. गिलावा त्यानंतर झालाय. यांनी मी दिलं तसंच केलंय."

त्यांनी आधी नकाशाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग माझ्याकडे.

"दोघांपैकी एकाने आपली कबुली मागे घ्या. आत पेशंट तोंड उघडून बसलाय."

मी नकाशा धरूनच उभी राहिले, तोही जाळीला हात लावून तसाच.

"ठीक. नऊ दिवस आहेत. एकीला मोजता येत नाही, एकाला खोटं बोलता येत नाही. दोघांनी मिळून निस्तरा."

जाळीत आडव्या आठ चांदण्या होत्या. प्रत्येक अर्ध्या सेंटिमीटरने लहान करायची आणि उंचीत पडणारी तूट खाली एक साधी फळी देऊन भरून काढायची, असं ठरलं. म्हणजे सगळी जाळी सोडवायची, एकेक पट्टी आखूड करायची, खाच नव्याने पाडायची. मी रोज सकाळी जाऊ लागले. मी आखायचे, तो कापायचा. तीन दिवस मी आकड्यांशिवाय काहीही बोलले नाही.

चौथ्या दिवशी त्याला राहवलं नाही.

"एवढं काय चिडायचं? मी तर तुम्हाला वाचवत होतो."

"मी म्हटलं होतं, वाचवा?"

"नाही... पण —"

"पण काय? वाईट सवय आहे ही. उद्या घरात माझ्या हातून दूध उतू गेलं तरी तू म्हणशील, मीच उतू घालवलं. मग माझं चुकलं काय, ते मला कधी कळायचं? आणि मी भांडायचं कुणाशी?"

रंधा थांबला.

'तू' म्हटल्याचं आधी माझ्या लक्षात आलं. 'घरात' म्हटल्याचं नंतर.

"कुणाच्या घरात?" त्याने विचारलं.

सुटायला वाव होता. बोलण्याच्या ओघात गेलं, असं म्हणता आलं असतं. त्याला ते पटलं असतं... किंवा पटल्यासारखं त्याने दाखवलं असतं, पुन्हा माझ्यासाठी.

"आपल्या," मी म्हटलं.

त्याने हातातली पट्टी खाली ठेवली. मग उचलली. मग पुन्हा ठेवली.

"भांडशील?"

"रोज."

"मग एक खरं सांगून टाकतो. आत्ताच भांडून घे."

"सांग."

"जाळी आत जाईना ना... तेव्हा मला बरं वाटलं." तो पट्टीशीच बोलत होता. "ती बसली असती तर तुझं इथलं काम संपलं असतं. म्हटलं, चला... अजून नऊ दिवस."

माझं पहिलंच काम हातचं जायला आलं होतं आणि हा माणूस खुशीत होता. यावर खरं तर आरडाओरडा करायला हवा होता. मी पुढची पट्टी घेतली, खूण केली आणि त्याच्या हातात दिली. त्याने पट्टी घेतली. पट्टीबरोबर माझी बोटंही. सोडायची घाई दोघांनाही नव्हती.

जाळी आठव्या दिवशी बसली. एक दिवस उरला. त्या उरलेल्या दिवशी मी त्याला माझ्या आईकडे नेलं.