तुळशीच्या कुंडीतला डोंगर

नोव्हेंबरातल्या शुक्रवारी, तेही भर पावसात, पिकनिकचा कूलबॉक्स मांडीवर घेऊन कोण बसतं? लंडनजवळच्या मेडनहेडला ऑफिस सुटल्यावर मी नेहमीची ट्रेन पकडली, आणि समोरच्या सीटवर हा. बुटांना घोट्यापर्यंत चिखल, नाक थंडीनं सोललेलं, दोन्ही हात त्या निळ्या बॉक्सवर. साल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. मी चोवीस वर्षांची होते आणि मला जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींचा कंटाळा आला होता.

टॅपलोच्या पुढे ट्रेन थांबली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस... कुणी काही सांगेना.

"झालं! आता आई ऑफिसात चार-चार फोन करणार," मी स्वतःशीच पुटपुटले.

"ऑफिस बंद असेल तर उचलणार कोण?" समोरून मराठीत उत्तर आलं.

मी केवढ्यांदा दचकले! स्लाऊच्या ट्रेनमध्ये पंजाबी कानावर पडायचं, उर्दू पडायचं. मराठी म्हणजे आमचं घर आणि महाराष्ट्र मंडळाचा गणपती, बस्स.

"खायचं काही आहे का त्यात?" मी बॉक्सकडे बोट दाखवलं. भूक लागली होती, खोटं कशाला बोलू?

"माती आहे."

"माती?"

"लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरावरची. बघायचीय?"

तोपर्यंत मुलांनी मला सिनेमाची तिकिटं दाखवली होती, एकानं नवीकोरी एस्कॉर्ट गाडी दाखवली होती. माती कुणी दाखवली नव्हती. मी त्याला तसं सांगितलंही, आणि म्हटलं, दाखवा.

आत आइस्क्रीमचे चार रिकामे डबे होते, आणि डब्यांत काळपट तपकिरी, खडबडीत माती. माती कमी, खडेच जास्त.

"पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वी तिथे ज्वालामुखी होते," तो म्हणाला. आवाज एकदम हळू झाला होता. "आता नुसती थंडी. दगड फुटतात, त्यांचीच ही माती. हिवाळ्यात आतलं पाणी गोठतं, फुगतं आणि दगडांना वर ढकलतं. दरवर्षी थोडं थोडं. शेवटी उतारावर दगडांच्या रांगा लागतात... कुणी बसून मांडल्यासारख्या."

"आणि ते बघायला तुम्ही आलात कुठून?"

"साताऱ्याहून. तिथली काळी मातीही लाव्हाच्याच दगडाची. उन्हातली बघून झाली, म्हटलं थंडीतली बघावी."

त्याचं नाव शशिधर. लंडनला पीएच.डी. करत होता आणि स्वस्त पडते म्हणून स्लाऊला खोली घेऊन राहत होता. माती थंड राहिली नाही तर आतले जीवजंतू जागे होतात आणि सगळे आकडे बिघडतात म्हणे. लॅब सोमवारपर्यंत बंद. लँडलेडीनं मागे फ्रिजमध्ये गांडूळ सापडल्यापासून त्याला स्वयंपाकघरबंदी केलेली.

"मग आता?"

"खिडकीबाहेर टांगीन. काही झालं तरी हे डबे जपायला हवेत. पंधरा डिसेंबरला रिपोर्ट द्यायचाय. तो दिला तर पुढच्या वर्षाची स्कॉलरशिप. नाही तर... सातारा."

हे 'सातारा' त्यानं हसत म्हटलं, पण बॉक्सवरचे हात घट्ट झाले. आणि मला काय झालं कोण जाणे, मी म्हणाले, "आमच्या गॅरेजमध्ये दुसरा फ्रिज आहे."

असा दुसरा फ्रिज इंग्लंडातल्या प्रत्येक मराठी घरात असतो. आमच्याकडे त्यात कोथिंबीर, ओलं खोबरं, विरजण, सगळं आइस्क्रीमच्याच डब्यांत. व्हॅनिला लिहिलेल्या डब्यात व्हॅनिला कधी निघालेलं मला तरी आठवत नाही. चार डबे तिथे सहज खपून गेले. सोमवारी सकाळी आठ वाजता स्टेशनवर ते परत द्यायचं ठरलं होतं, आणि फोन नंबर, पत्ते एकमेकांना दिले होते. आईला मी काही बोलले नाही. बोलले असते तर तिनं विचारलं असतं, मुलगा कोण, कुणाचा, करतो काय. आणि मी नुसती लाल झाले असते.

शनिवारी सकाळी फोन वाजला.

"माती कशी आहे?"

आई शेजारीच भाजी निवडत होती. "द फाइल इज फाइन," मी इंग्रजीत म्हणाले.

"झोप लागली का तिला नव्या जागी?"

"व्हेरी वेल, थँक यू."

"आणि फाइल सांभाळणाऱ्यांना?"

मी फोन ठेवला. आई म्हणाली, "शनिवारी पण ऑफिस? आणि एवढं हसण्यासारखं काय असतं गं ऑफिसात?"

रविवारी दुपारी मी केस धुऊन खाली आले तर आई माझ्या गळ्यातच पडायची बाकी होती. "सुलक्षणा, गुणाची गं माझी! तीन आठवडे माती आण, माती आण म्हणून घसा कोरडा केला. मला वाटलं, विसरलीस. आणि तू गपचूप आणून ठेवलीस!"

रेडिएटरशेजारी तुळस उभी होती. नवी कुंडी, गेरू लावलेली, कडेला साउथॉलच्या देशी बाजारातून आणलेला ऊस. त्या संध्याकाळी तुळशीचं लग्न होतं आणि मंडळाची मंडळी सहा वाजता येणार होती. इंग्लंडात आल्यापासून आईच्या चौदा तुळशी गेल्या होत्या, सगळ्या मुळं कुजून. ही पंधरावी.

"असली भुसभुशीत माती हवी होती. पाणी धरतच नाही बघ! आधी रव्याच्या चाळणीनं चाळली, मग खडे खाली घातले, वर माती. चारही डबे लागले."

ते चार डबे सिंकपाशी धुऊन पालथे घातलेले. माझ्या एका लाजेपायी एका माणसाचं अख्खं वर्ष कुंडीत गेलं होतं.

मी त्याला फोन लावला. आई पाठीशी उभी. "तुम्ही... इकडे या. लगेच या," एवढंच म्हणता आलं.

तो आला तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात शेवंतीची फुलं घेऊन. त्याला वाटलं होतं, मी तुळशीच्या लग्नाला बोलावलंय! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"ऑफिसातले का?" आईनं विचारलं.

"ट्रेनमधले," मी म्हणाले. आई काही बोलणार तेवढ्यात बेल वाजली आणि मंडळी आत आली.

त्याला बाजूला घेणार कुठे? हॉलमध्ये तीस माणसं. मंडळाच्या अलकाकाकूंनी अंतरपाटाचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं त्याच्या. "तरुण हात हवेत, आमचे खांदे दुखतात." एकीकडे तुळस, दुसरीकडे बाळकृष्ण, आणि दोन टोकांना आम्ही. मंगलाष्टकं सुरू झाली. सगळे सुरात आणि बेसुरात गात होते. त्याचं लक्ष माझ्याकडे होतं, आणि नजर इतकी मोकळी, की मला आणखी एक मिनिटही खोटं वागवेना.

"शशिधर... तुमची माती..."

"हं?"

"तुळशीखाली आहे. चारही डबे. आईला वाटलं मी तिच्यासाठीच आणली. मी तिला सांगितलंच नव्हतं... चूक माझी आहे."

"सावधान!" सगळे ओरडले आणि आमच्या दोघांवर अक्षता पडल्या.

अंतरपाट त्याच्याकडून एका बाजूनं खाली आला, पण त्यानं तो सावरला. चेहरा पांढरा पडला होता. अंतरपाट दूर झाला, टाळ्या झाल्या, फराळ झाला. तो एका कोपऱ्यात बशी हातात घेऊन उभा, एक घास खाल्ला नाही. मी आईला स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. ट्रेन, डबे, फोन, सगळं.

आई थेट त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "बाळ, मी आत्ता तुळस उपटते. माती घेऊन जा."

आईला मी ओळखते. पंधरावी तुळस, तीही लग्न लागल्या लागल्या! तरी ती कुंडीकडे वळलीच.

"नको काकू," तो म्हणाला. "जमिनीत चार वेगवेगळ्या खोलीवरची माती आता एकत्र झालीय. तिचा उपयोग नाही. राहू दे तिला... तिथे बरी दिसतेय." आणि मग, माझ्याकडे न बघता, "बर्फ पडायच्या आत पुन्हा जाऊन आणता आली असती. पण पैसे संपलेत, आणि बसनं चार दिवस जातात."

"मी गाडी चालवते," मी म्हणाले. सगळ्या हॉलनं ऐकलं.

बाबा हॉस्पिटलात भूल द्यायचे. घरातही ते फारसं कुणाला जागं करत नसत. पण त्या दिवशी त्यांनीच खिशातून व्हॉल्व्होची किल्ली काढली. "शुक्रवारी जा. आणि आईला बरोबर ने."

तर अशी आम्ही तिघं निघालो. मोटरवेवर पाच तास आई मागच्या सीटवरून त्याला साताऱ्यातली माणसं विचारत होती. बेड अँड ब्रेकफास्टमध्ये तिनं मला तिच्या खोलीत, भिंतीकडेच्या बाजूला झोपवलं. शनिवारी सकाळी ती डोंगराच्या पायथ्याशी गाडीत थर्मास घेऊन बसली आणि म्हणाली, "तीनपर्यंत खाली या, नाहीतर मी वर येईन."

वर गवत संपलं आणि दगड लागले. खरंच रांगा होत्या. उतारावरून खाली गेलेल्या, एक रांग खड्यांची, एक मातीची. वारा असा की डोळ्यांतून पाणी. तो गुडघ्यांवर बसून खणत होता, मी फूटपट्टी धरून खोली सांगत होते आणि डब्यांवर नंबर लिहीत होते. बोटं बधिर झाली होती. गेल्या कित्येक महिन्यांत मी इतकी खूश झाले नव्हते.

"रागावला नाहीस?" मी विचारलं. त्याला 'तू' कधी म्हणायला लागले ते माझं मलाच कळलं नाही.

"रागावलो होतो. रविवारी रात्री खूप." त्यानं शेवटच्या डब्याला झाकण लावलं. "मग वाटलं, पोरगी गप्प बसली असती तरी चाललं असतं. सोमवारी फ्रिज बिघडला म्हणाली असती. तिनं तीस माणसांत सांगितलं."

"कुजबुजले होते."

"पण सांगितलंस." त्यानं डबे एकावर एक रचले. "आईला का नव्हतं सांगितलं आधी?"

"तिनं विचारलं असतं, कोण मुलगा..."

"मग?"

"मग काय... उत्तर तोंडावर दिसलं असतं."

वारा जोरात होता म्हणून असेल, तो खूप जवळ आला. "सुलक्षणा, स्कॉलरशिप मिळाली तरी एकच वर्ष आहे माझ्याकडे. पुढचं माहीत नाही. साताऱ्यात शेती आहे, आई आहे... तुला मी एस्कॉर्ट नाही दाखवू शकणार."

"मला ट्रेनची सवय आहे," मी म्हणाले, आणि त्याचे चिखलानं भरलेले हात माझ्या हातांत घेतले. तेवढ्यात बर्फाचे पहिले कण आले. दोन तास उशीर झाला असता तर माती मिळाली नसती.

उतरताना मनात वाक्यं जुळवत होते, आईला कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची. खाली गाडीचं दार उघडलं आणि सगळी वाक्यं पळाली.

"आई, मला हा आवडतो. लग्न करायचं तर ह्याच्याशीच."

शशिधर डबे छातीशी धरून पावसाबर्फात उभा. आईनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग पर्समधून पेन काढलं आणि बेड अँड ब्रेकफास्टच्या पावतीची मागची बाजू गुडघ्यावर धरली.

"साताऱ्याला पत्र पोचायला दहा दिवस लागतात," ती म्हणाली. "तुझ्या आईंचा पत्ता सांग. पिनकोडसकट."

आणि ज्याला चार डब्यांची खोली सेंटिमीटरपर्यंत पाठ होती, त्या माणसाला स्वतःच्या घराचा पिनकोड काही केल्या आठवेना.