चादरींच्या खोलीत पहिला आला तो

बसा सगळे. फिनले, शेकोटीत अजून एक ओंडका टाक. आणि ते मेन स्विचचं डोक्यातून काढा, मी तो पाडणार नाही. पाहुणे गेले, घर रिकामं झालं, उद्यापासून पाच आठवडे हॉटेल बंद, तुमचं रक्त तरुण... सगळं कबूल. पण दिवे घालवून तो खेळ ड्रमारिकमध्ये या वॉटी डॉड्सच्या देखत पुन्हा होणार नाही. पत्ते आहेत तिथे, पत्ते कुटा.

का म्हणून विचारतेस, ग्रिअर? मग ऐक. पण मध्ये खिदळायचं नाही.

तू गेल्या एप्रिलात आलीस, तुला ईशबेल लेंग ठाऊक नाही. सव्वीस वर्षं इथल्या खोल्या, चादरी, उशा, टॉवेल सगळं तिच्या हाताखाली होतं. फार चोख बाई. पाहुण्याला उशी मऊ लागते की टणक, हे ती एकदा ऐकलं की दहा वर्षांनी पण विसरायची नाही. तिचा नवरा टॅम, इथला सुतार. घरात एकही दार नसेल ज्याला त्याचा रंधा लागला नाही. दोघं मागच्या अंगणापलीकडच्या घरात राहायची. मूलबाळ नाही. भांडायची दोघं, पण कशी? त्याने लाकडाचा भुसा घरात आणला म्हणून. एवढंच.

इथलं वर्ष कसं असतं ते तुम्हाला कळलंय आता. मे-जूनपासून लग्नं, ऑगस्टात शिकारीवाले येतात, त्यात पुन्हा लग्नं घुसतात. वीस ऑगस्टला, शनिवारी, असंच एक लग्न होतं. टॅम हिरवळीवर मांडवाचा खांब ठोकत होता. हातोडा वर नेला आणि तसाच खाली बसला. मी धावलो. काही उरलं नव्हतं.

वर जाऊन ईशबेलला सांगायचं माझ्यावर आलं. अकरा नंबरच्या खोलीत ती नवरीच्या आईचं अंथरूण घालत होती. मी दारातूनच म्हणालो, "ईशबेल, टॅम गेला."

तिने माझ्याकडे बघितलं. मग चादरीचा कोपरा खोचला. पलंगाला वळसा घालून पलीकडे गेली, दुसरा कोपरा खोचला. वरून हात फिरवून सुरकुती काढली. मग म्हणाली, "चल."

ती रडली नाही. त्या दिवशी नाही, दफनाच्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी कामावर हजर. सगळं पूर्वीसारखं, फक्त आत कुणी नाही. समोर सूप ठेवलं तर प्यायची, नाही ठेवलं तर आठवणही करायची नाही. एकदा इस्त्रीने तिचं मनगट भाजलं. कातडी लाल झाली तरी बघत बसली. मीच ओढून नळाखाली धरलं. म्हणालो, "अगं, दुखत नाही का?"

"कळत नाही, वॉटी," ती म्हणाली. "दुखत असेल."

सप्टेंबरात सामन मासे पकडणारे आले नि गेले. नोव्हेंबरात फेझंट पक्ष्यांच्या शिकारीवाले आले नि गेले. ती आपली खोल्या लावतेय, खोल्या मोडतेय. मग आले नाताळचे सहा दिवस.

तारीख सांगतो. सत्तावीस डिसेंबर दोन हजार बावीस, मंगळवार. बाहेर बर्फ नव्हता, नुसती गोठवणारी थंडी. जेवणं आटोपली होती. नऊ पाहुण्यांना खेळ हवा होता. तोच... तुमचा. एकाने लपायचं, बाकीच्यांनी शंभर आकडे म्हणून अंधारात शोधायचं. ज्याला सापडेल त्याने ओरडायचं नाही, गुपचूप लपलेल्याच्या शेजारी जाऊन बसायचं. मग दुसरा येतो, तिसरा येतो, सगळे डब्यातल्या माशांसारखे एकमेकांना चिकटून. शेवटी जो एकटा फिरत राहील तो हरला.

त्या वेळचा मॅनेजर ग्रेगर. भला पोरगा. त्याने ईशबेलला मागच्या जिन्यापाशी गाठलं. ती धुतलेल्या अभ्र्यांचा गठ्ठा घेऊन वर निघाली होती.

"ईशबेल, एवढं एक काम कराल? पाहुणा लपला की पाच मिनिटांत सापडतो, मजाच जाते. तुम्ही लपा. तुमच्याइतकं हे घर कुणाला माहीत आहे?"

"लपते," ती म्हणाली. "वर जायचंच आहे, हे अभ्रे ठेवायला."

बिचाऱ्याला वाटलं, तेवढंच तिचं मन रमेल.

ती दुसऱ्या मजल्यावरच्या चादरींच्या खोलीत गेली. गरम पाण्याचे नळ तिथूनच जातात. कितीही थंडी असो, ती खोली ऊबदार असते. एवढं लक्षात ठेवा. अभ्रे फळीवर ठेवले, दार लोटलं आणि अगदी मागच्या फळीखाली पाय पोटाशी घेऊन बसली.

आठ चाळीसला मी मेन स्विच पाडला. मीच. ह्याच हाताने.

खाली दिवाणखान्यात नऊही पाहुणे भिंतीकडे तोंड करून उभे. मी टॉर्च घेऊन त्यांच्या मागे. ग्रेगर माझ्या बाजूला. दोन स्वयंपाकी आणि वाढणारी पोरं मागे नोकरांच्या वेगळ्या घरात टीव्हीपुढे. दुसरं कुणी घरात नव्हतं. मी शपथेवर सांगेन. पाहुणे एका सुरात आकडे म्हणायला लागले.

आता पुढचं मला ईशबेलने सांगितलं ते.

वर तिला खालचे आकडे ऐकू येत होते. एकतीस... बत्तीस... तेहतीस... लहान पोरांच्या शाळेसारखे. ती ऐकत होती. मनात काही नव्हतं. इतक्या महिन्यांत नसायचंच.

एकेचाळीस...

दार उघडलं.

तिला वाटलं, कुणीतरी लबाडी केली, आकडे संपायच्या आत पळून आला. पण पावलं वाजली नव्हती. जिन्याची तिसरी पायरी किती कुरकुरते, तुम्हाला माहीत आहे. तीही नाही.

कुणीतरी आत आलं. दार लोटलं. वाकलं. तिच्या डाव्या बाजूला बसलं.

खाली अठ्ठेचाळीस... एकोणपन्नास...

नियम बोलायचं नाही असा. ती बोलली नाही. मग तिच्या डाव्या हातावर एक हात आला.

गार. त्या खोलीत, गरम नळांच्या शेजारी... इतका गार की तिला आधी कळलंच नाही हा हात आहे. तिने हळूच म्हटलं, "साहेब, हात सोडा."

सोडला नाही. मोठा हात होता. पुरुषाचा. तिचा पंजा पूर्ण झाकेल एवढा. मग अंगठा तिच्या बोटांच्या पेरांवरून फिरला. एकदा इकडून तिकडे. सावकाश.

ती म्हणाली, "टॅम?"

अंगठा थांबला.

"टॅम, तू आहेस?"

हाताने तिचा हात दाबला.

तिने मला सांगितलं, की तेव्हा इतक्या महिन्यांत पहिल्यांदा छातीत काहीतरी हललं. जसं गोठलेल्या नळात आत कुठेतरी पाणी सुटतं तसं. आणि चार महिने जे कुणाला सांगितलं नव्हतं ते ती अंधारात त्याला सांगायला लागली. "मी आधी चादर खोचली रे. वॉटी दारात उभा होता, आणि मी... दुसरा कोपरा पण खोचला. मग खाली आले. तू तिथे गवतात पडला होतास आणि मी सुरकुती काढत होते. रागावलास?"

हात गच्च झाला.

"रागव. पण जाऊ नको. मला काहीच कळेनासं झालंय रे. इथे राहा. माझ्याजवळच राहा."

आणखी गच्च. हाडं दुखावीत इतका. पण दुखलं नाही. हात बधिर होत चालला होता.

शंभर.

खाली आरडाओरडा झाला, सगळे पांगले. थोड्या वेळाने दार करकरलं. मिसेस कार्ड्यू, निवृत्त शिक्षिका, हसू दाबत ईशबेलच्या उजव्या बाजूला येऊन बसल्या. मग एक जोडपं. मग आणखी चौघं. खोली भरली. शेवटून दुसरे आले ते पर्व्हिस नावाचे गृहस्थ, अंगाने जाड. ते चाचपत डाव्या बाजूला गेले आणि पुटपुटले, "माफ करा हं. जरा सरकता?"

आणि ते जे कोणी होतं... ते सरकलं.

पर्व्हिस बसले.

एवढ्यात शेवटचा भिडू, कार्ड्यूबाईंचा भाचा, कंटाळून खालून ओरडला, "हरलो बाबा, दिवे लावा!" मी स्विच वर केला आणि जिना चढून त्याच्या पाठोपाठ दारात पोचलो. आत आठ पाहुणे, शिवाय ईशबेल. सगळे हसतायत, केस विस्कटलेले. ईशबेल आणि पर्व्हिस यांच्यामध्ये जागा. एका माणसाची. रिकामी.

पर्व्हिस त्या जागेकडे बघत होते. म्हणाले, "इथले गृहस्थ कुठे गेले? फार गारठले होते हो ते."

"कोण गृहस्थ?" कुणीतरी विचारलं.

"हे काय, आत्ता सरकले ना..."

सगळे पुन्हा हसले. त्यांना वाटलं पर्व्हिस चेष्टा करतायत. पर्व्हिस हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला न थांबता गाडी घेऊन गेले. दोन दिवस शिल्लक असताना.

ईशबेल उठली. फळीवरचे अभ्रे सारखे केले आणि घरी गेली.

सकाळी सहाला मी बॉयलरच्या खोलीत होतो. ती आली. डावा हात उजव्या हातात धरलेला, आजारी पाखरू धरावं तसा. तोंडावर... कसं सांगू. आनंद नव्हता. पण कुणीतरी आत परत आलं होतं.

"टॅम आला होता," ती म्हणाली आणि मी आत्ता तुम्हाला सांगितलं ते सगळं सांगितलं. एका दमात. आवाज न चढवता.

मी म्हणालो, "आला असेल." दुसरं काय म्हणणार? मला पण तेच हवं होतं. टॅम माझा मित्र होता रे.

"हात मात्र अजून जागा झाला नाही," ती म्हणाली. आणि तिने तो बॉयलरच्या नळावर टेकवला. तापलेल्या नळावर! मी झटकन ओढला. चेहऱ्यावर रेष हलली नव्हती. मी तो हात दिव्याखाली धरला, कितपत भाजलंय बघायला.

भाजलं होतं थोडं तळव्याला. पण मी पाठीकडे बघत राहिलो.

हाताच्या पाठीवर, करंगळीच्या खाली, खोल वळ उठला होता. रुंद पट्टीचा. मधोमध चौकोनी खळगा, खड्याचा असतो तसा. कुणी खडा तळव्याकडे वळलेली जाड अंगठी घातलेल्या हाताने तुमचा हात आवळून धरला... पुष्कळ वेळ... तर उमटेल तसा.



तिने माझ्याकडे बघितलं. मग हाताकडे.

टॅमने जन्मात अंगठी घातली नाही. लग्नातसुद्धा नाही. त्याच्या बापाचं बोट अंगठीसकट करवतीत गेलं होतं, म्हणून पाद्र्यासमोरच तो नको म्हणाला होता. सगळ्या गावाला ठाऊक.

बॉयलर घरघरत होता. 

मग ती अगदी हळू म्हणाली, "मी त्याला राहा म्हणाले, वॉटी."

बस्स. तिच्या तोंडावर जे उजाडलं होतं ते विझलं. मी बघत असताना विझलं. ती वर गेली आणि त्या दिवशी सगळ्या खोल्या लावल्या. उजव्या हाताने.

पाच जानेवारीला हॉटेल बंद झालं तशी ती ओबनला बहिणीकडे गेली, ती गेलीच. ग्रेगरने त्या फळीखालची जागा विटांनी बुजवून घेतली. ह्या घरात टॅमच्या आधी, त्याच्याही आधी कोण राहिलं, कोण मेलं, याची मी चौकशी केली नाही. करणारही नाही.

भूत गेलं का म्हणतेस? ते मला नको विचारू, ग्रिअर. मागच्या सप्टेंबरात मी ओबनला गेलो होतो, तिला भेटायला. समुद्रावर उघडणारी खिडकी आहे तिची, छान खोली आहे. बहिणीने चहा आणला, जवाच्या पिठाचे केक आणले. ईशबेल टॅमबद्दल बोलली, हवेबद्दल बोलली, सगळं एकाच आवाजात. निघताना मी न राहवून म्हणालो, "हात बघू."

तिने शालीतून काढून दाखवला. बधिरच आहे अजून. आणि तो वळ... पावणेदोन वर्षं झाली होती, पोरांनो. जुना वळ भरून येतो, पांढरा पडतो. हा लाल होता. कडा सुजलेल्या. चौकोनाचे चारही कोपरे स्वच्छ.

"दिवस मावळेपर्यंत पुसट होतो," ती म्हणाली. "सकाळी उठते तेव्हा ताजा असतो."